काजव्याची अळी आणि हुमणीचा भुंगेरा

काजवा आणि हुमणी एकाच गोताचे आहेत असं सांगितलं, तर ऊस लावणारा शेतकरी हसेल आणि भंडारदऱ्याला काजवे बघून आलेला पुणेकरही हसेल. एकाला बघायला लोक रात्री घाट चढून जातात. दुसरीचं नाव निघालं की उसाच्या पट्ट्यात बोटं मोडली जातात. कीटकशास्त्राच्या वंशावळीत मात्र दोघंही भुंगेरेच. दोघांच्याही पाठीवर दोन ढालपंख असतात आणि उडायचे पातळ पंख त्यांच्याखाली घडी घालून ठेवलेले असतात. ॲरिस्टॉटलनं ग्रीकमध्ये ‘म्यान’ आणि ‘पंख’ या दोन शब्दांची जोड करून अशा कीटकांना नाव दिलं आणि तेच ‘कोलिऑप्टेरा’ या शास्त्रीय नावात आजही नांदतं आहे. या गणात आजवर सुमारे ४ लाख जातींची नोंद झाली आहे. एवढ्या मोठ्या गणगोतातले दोन भाऊबंद स्वभावानं वेगळे निघाले, तर त्यात नवल नाही.

नवल आहे ते त्यांच्या वेळापत्रकात. मे महिना सरत आलेला असतो, रोहिणी नक्षत्र लागलेलं असतं आणि वळवाची एखादी सर पडून माती जराशी भिजलेली असते. त्याच दिवसांत सह्याद्रीच्या माथ्यावर, भंडारदरा, घाटघर, राजमाची, पुरुषवाडी या भागात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ असल्या झाडांवर काजवे लखलखू लागतात. त्याच दिवसांत खाली देशावर, दिवेलागणीनंतर थोड्याच वेळात, हुमणीचे तपकिरी भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात आणि बांधावरच्या कडुनिंबावर, बाभळीवर, बोरीवर जाऊन बसतात. दोघांचंही झाडावरचं एक काम सारखंच असतं, जोडीदार शोधणं. दोघांनीही मागचे कितीतरी महिने मातीत नाहीतर मातीलगत काढलेले असतात. फरक एवढाच, की काजवा जमिनीलगत होता हे कुणाच्या गावी नसतं आणि हुमणी झाडावर होती हे ऊस वाळेपर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाही.

या फरकाची खूण मराठीत उमटलेली आहे. काजव्याच्या बालपणाविषयी बोलायचं तर ‘काजव्याची अळी’ म्हणावं लागतं, कारण भाषेनं त्या अळीला स्वतःचं नाव दिलेलं नाही. हुमणीच्या प्रौढपणाविषयी बोलायचं तर ‘हुमणीचा भुंगेरा’ म्हणावं लागतं, कारण तिथं नाव अळीला मिळालं आणि भुंगेरा बिननावाचा राहिला. एकाची पोरं बापाच्या नावानं ओळखली जातात, तर दुसरीत मोठी झालेली पिढी स्वतःच्याच बालपणाच्या नावानं. षष्ठीचा प्रत्यय दोन्हीकडे तोच, पण त्याची दिशा उलटी.

आधी काजव्याचं घराणं पाहू, कारण ते मोठं आणि जुनं आहे. संस्कृतात त्याला खद्योत म्हणतात. ‘ख’ म्हणजे आकाश आणि ‘द्योत’ म्हणजे उजेड. आकाश उजळणारा, असा अर्थ झाला. हे बिरुद इतकं भारदस्त आहे, की कोशांत खद्योत या शब्दाचा एक अर्थ सूर्य असाही दिलेला सापडतो. अमरकोशात त्याला जोडीदार म्हणून ज्योतिरिंगण हा आणखी एक ऐटबाज शब्द आहे, पण तो पोथीतच राहिला. खद्योत मात्र लोकांच्या तोंडी रुळला आणि रुळता रुळता झिजला. प्राकृतात त्याचा खज्जोअ झाला. संस्कृतातल्या ‘द्य’चा प्राकृतात ‘ज्ज’ होतो, हा नियमच आहे. अद्यचं अज्ज होऊन आपलं ‘आज’ आलं, तसंच हे. पुढे जोडाक्षर सुटलं, आधीचा स्वर लांबला आणि सुरुवातीच्या ‘ख’मधला हकार गळाला. हकार सैल सोडण्याची मराठीची सवय जुनीच आहे. हिंदीत जी भूख आणि भीख, ती आपल्याकडे भूक आणि भीक. काजव्यात हा प्रकार शब्दाच्या तोंडालाच झाला, एवढंच. गोव्यात कोकणी माणूस त्याला काजुलो म्हणतो. घराणं तेच, शेपूट निराळं.

याच घराण्यात आणखी एक नातेवाईक आहे आणि तो त्याच दिवसांत आभाळात दिसतो. वीज. विद्युत् या शब्दाचं प्राकृतात विज्जु झालं आणि मराठीत वीज. विद्युत् आणि खद्योत या दोन्हींच्या पोटात ‘द्युत्’ हा एकच धातू आहे, चमकणे या अर्थाचा. म्हणजे वळवाच्या संध्याकाळी वर लखलखणारी ती आणि खाली लुकलुकणारा तो, हे शब्दांच्या नात्यानं सख्खे आहेत. दोन्ही शब्दांतला ‘ज’ही एकाच तऱ्हेनं उच्चारला जातो, ‘जग’ या शब्दातल्या ‘ज’सारखा, दातांच्या मुळाशी जीभ लावून. हे नातं फक्त संस्कृताच्या लेकरांनाच दिसलं असं मात्र नाही. आपल्या शेजारच्या कन्नडमध्ये काजव्याला मिंचुहुळु म्हणतात. हुळु म्हणजे किडा आणि मिंचु म्हणजे चमक, आणि वीजसुद्धा. दोन वेगळ्या भाषाकुळांतल्या माणसांनी सह्याद्रीच्या दोन अंगांना उभं राहून तेच आभाळ आणि तोच किडा पाहिला आणि दोघांना एकच गोष्ट सुचली. बंगालीतल्या जोनाकीला मात्र चांदणं आठवलं. तो शब्द ज्योत्स्नेच्या घरातला आहे.

जुन्या ग्रंथांत या खद्योताच्या वाट्याला दोन तऱ्हेच्या भूमिका आल्या. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, समजावतो की मोठा अग्नी विझत जाऊन काजव्याएवढा एकच निखारा उरला, तरी त्यावर गवत घातलं की तो पुन्हा पेट घेतो. इथं काजवा लहान आहे, पण त्याच्यात पेटण्याची धग आहे. ज्ञानेश्वरांनी पहिल्याच अध्यायात गीतेवर बोलण्याचं धाडस करताना स्वतःकडे कमीपणा घेतला आणि सूर्याच्या तेजापुढे खद्योताची काय शोभा, असं विचारलं. इथं तोच काजवा लहान आहे म्हणून क्षुद्र आहे. पुढे मराठी बोलीनं दुसरी भूमिका उचलली. ‘सूर्यापुढे काजवा’ हे आपण आजही म्हणतो. बोलीनं स्वतःची एक भरही घातली. कानशिलात बसली की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. हिंदी माणसाला अशा वेळी दिवसा तारे दिसतात. मराठी माणसाला तारे दिसत नाहीत, काजवे दिसतात, आणि ते जास्त अचूक आहे. तारा एका जागी टिकून राहतो, तर डोळ्यांपुढचे ते ठिपके उघडझाप करतात.

एवढं मोठं वाङ्मय आहे, पण सगळं पंख फुटलेल्या काजव्याबद्दल. प्रत्यक्षात बहुतेक जातींचे प्रौढ काजवे जेमतेम दोन-तीन आठवडे जगतात. अनेक जातींत प्रौढ फारसं खातही नाहीत. उडायचं, उजेडाचा ठेका धरायचा, खाली बसलेल्या मादीचं उत्तर आलं की तिच्याकडे उतरायचं, अंडी घालायची आणि संपायचं. वर्षाचा बाकीचा काळ काजवा म्हणजे चपट्या, खंड पडलेल्या अंगाची एक अळी असते, आणि ती शिकारी असते. ओल्या पालापाचोळ्यात गोगलगायीच्या चिकट वाटेचा माग काढत जाते, पोकळ जबड्यांतून तिच्या अंगात विषारी पाचक रस सोडते आणि मांस पातळ झालं की शोषून घेते. गांडुळंही तिला चालतात. या अळ्याही मंद उजळतात, पण त्यांचा उजेड प्रेमाचा नाही. ‘मला तोंड लावू नका, मी कडू आहे’ हे खाणाऱ्याला सांगण्यासाठी तो असतो. उजेडाचा पहिला उपयोग धमकीसाठी आणि नंतरचा प्रणयासाठी, असा या किड्याचा जीवनक्रम आहे. भाषेनं त्यातला दुसरा भाग तेवढा टिपला.

आता हुमणी. तिला संस्कृतातली वंशावळ चिकटवण्याच्या फंदात पडू नये, आणि ध्वनीच्या साम्यावर तर मुळीच भुलू नये. नाहीतर गोव्यातल्या हुमणाशी, म्हणजे माशांच्या आमटीशी, तिची सोयरीक जुळवायची पाळी येईल. हुमणीची खरी ओळख तिच्या भावंड-नावांत आहे. गावोगावी तिला उन्नी म्हणतात, उकरी म्हणतात, गांडर म्हणतात, कुठं नुसतंच ‘खतातली अळी’ म्हणतात. यांतल्या उकरीत उकरणं सरळ ऐकू येतं. ही सगळी नावं कुदळीच्या आणि नांगराच्या टोकाशी जन्मलेली आहेत. ढेकूळ फुटलं आणि आत इंग्रजी ‘सी’सारखी वळून पडलेली, पांढुरकी, तपकिरी डोक्याची जाड अळी दिसली, की तिथल्या तिथं नाव पडलं. ती नावं देणाऱ्यांनी भुंगेऱ्याकडे पाहिलेलं नाही, कारण त्यांच्या पिकाला धक्का लावला तो अळीनं.

तो धक्काही तसाच आहे. महाराष्ट्रात हुमणीच्या मुख्य जाती दोन आणि शेतकऱ्यांनी-शास्त्रज्ञांनी मिळून त्यांना दिलेली ओळख सुरेख आहे: माळावरची हुमणी आणि नदीकाठची हुमणी. पहिलीचं शास्त्रीय नाव होलोट्रिकिया सेराटा, दुसरीचं ल्युकोफोलिस लेपिडोफोरा. माळावरचीचं चक्र वर्षाचं. मादी जमिनीत साधारण ६० अंडी घालते. अळ्या निघतात, आधी कुजलेल्या पदार्थांवर आणि कोवळ्या मुळांवर जगतात, आणि ऑगस्टपासून पुढे तिसऱ्या अवस्थेत पोचल्या की मुळांचा फडशा पाडतात. ऊस पिवळा पडतो, वाळतो आणि हातानं ओढला तर उपटून येतो. दिवाळीच्या आगेमागे अळी कोषात जाते. कोषातून भुंगेरा तयार होतो, तरी तो बाहेर येत नाही. हिवाळा आणि उन्हाळा मातीतच पडून राहतो आणि वळवाच्या सरीची वाट पाहतो.

दोघांच्या नावांना कुठली क्रियापदं जुळतात तेही पाहण्यासारखं आहे. काजवा चमकतो, लुकलुकतो, लखलखतो. हुमणी ‘लागते’. कीड लागते, वाळवी लागते, रोग लागतो, नजर लागते, तशी हुमणी लागते. लागणं हे क्रियापद किड्याची हालचाल सांगत नाही, आपलं नुकसान सांगतं. वचनाचंही तसंच. काजवे बघायला जायचं असतं ते अनेकवचनात. एक काजवा बघायला कुणी गाडी काढत नाही. हुमणी मात्र शेतात हजारांनी असली तरी एकवचनीच राहते. ‘उसाला हुमण्या लागल्या’ असं कुणी म्हणत नाही. ताप एकच असतो आणि अंगभर असतो, त्याच व्याकरणात हुमणी बसते. मराठीच्या दृष्टीनं काजवा हा प्राणी आहे आणि हुमणी ही आपत्ती आहे.

मग ‘भुंगेरा’ कुठून आला? त्याचं मूळ भुंगा आणि भुंग्याचं मूळ भृंग. ओठांवरच्या व्यंजनाला चिकटलेला ‘ऋ’ प्राकृतात उकाराकडे झुकतो. प्रावृष्-चा पाउस होऊन आपला पाऊस झाला, तशातलाच हा प्रकार. पण संस्कृत काव्यातला भृंग म्हणजे कमळाभोवती गुणगुणणारा काळा भ्रमर, मधमाशीच्या गोतातला. कीटकभृंगन्यायात अळीला आपल्यासारखं करून टाकणारा म्हणून जो भृंग सांगतात, तो प्रत्यक्षात मातीचं घर बांधणारी गांधीलमाशी, कुंभारीण. ढालपंखाचा किडा या दोघांपैकी कुणीच नव्हे. मराठीनं भुंगा या एकाच शब्दात भ्रमरही बसवला आणि ढालपंखी किडाही, कारण दोघंही काळे, जाड आणि उडताना आवाज करणारे. शेतीच्या मराठीला ही सरमिसळ परवडेना, म्हणून कृषिपत्रकांनी भुंगेरा हा शब्द ढालपंख्यांसाठी जवळजवळ राखून ठेवला. हुमणीच्या प्रौढाला ‘मे-जून भुंगेरा’ असंही म्हणतात. हे नाव विलायती पंचांगातलं आहे, हे लगेच कळतं. गावात पडलं असतं तर ते रोहिणीचं नाहीतर मृगाचं पडलं असतं. त्याच दिवसांत दिसणाऱ्या मखमली लाल जिवाला लोकांनी मृगाचा किडा म्हटलंच आहे, आणि तो तर कीटकही नाही, कोळ्यांच्या जवळचा आहे.

शास्त्रीय नावांकडे वळलं की एक गंमत हाती लागते. फाब्रिसियस यांनी १७८१ मध्ये माळावरच्या हुमणीला सेराटा म्हटलं, म्हणजे करवतीसारखे दाते असलेली. नदीकाठचीला मिळालेलं लेपिडोफोरा हे नाव ग्रीक आहे: ‘लेपिस’ म्हणजे खवला आणि ‘फोरोस’ म्हणजे वाहणारा. खवले वाहणारी. तिकडे सजीवांच्या उजेडाचं कोडं सोडवताना फ्रेंच शास्त्रज्ञ राफाएल द्युब्वा यांनी १८८० च्या दशकात उजळणाऱ्या द्रव्याला ल्युसिफेरिन आणि ते पेटवणाऱ्या विकराला ल्युसिफेरेज अशी नावं दिली. लॅटिनमध्ये ‘लुक्स’ म्हणजे प्रकाश आणि ‘फेर्रे’ म्हणजे वाहणे. ग्रीक ‘फोरोस’ आणि लॅटिन ‘फेर्रे’ हे आपल्या ‘भृ’ धातूचे सख्खे आहेत, ज्यातून भार आला. लुक्सही परका नाही. संस्कृत ‘रुच्’ त्याच मुळातला. रुच् म्हणजे आधी चमकणे आणि मग आवडणे, त्यातूनच आपलं रुचणं. म्हणजे काजव्याच्या पोटातल्या रसायनाचं नाव आणि नदीकाठच्या हुमणीचं नाव यांत भार वाहणारा धातू एकच आहे. एक उजेड वाहतो, दुसरी खवले. संस्कृत व्याकरणकार तर भृंग हा शब्दही ‘भृ’पासूनच साधतात. ती व्युत्पत्ती आजच्या भाषाशास्त्रानं मानलीच पाहिजे असं नाही, पण तिघांची ही गाठ लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता मूळ मुद्दा. एखाद्या किड्याच्या कोणत्या वयाला नाव मिळतं, हे कशावर ठरतं? किडा आपल्या आयुष्याच्या ज्या टप्प्यावर माणसाच्या वाटेत येतो, त्या टप्प्याला नाव मिळतं. कापसाची गुलाबी बोंडअळी सगळ्यांना माहीत आहे. तिच्या पतंगाला मात्र ‘बोंडअळीचा पतंग’ म्हणूनच भागवावं लागतं. भातातला खोडकिडा ही अळी, आणि ‘खोडकिड्याचा पतंग’ हे तिचं प्रौढ रूप. कोकणात याच्या उलट पाहायला मिळतं. नारळाच्या शेंड्यात शिरून कोवळी पानं कुरतडतो तो गेंडा भुंगा, डोक्यावर शिंग असलेला. तिथं नुकसान प्रौढ करतो, म्हणून नाव प्रौढाला मिळालं. त्याची अळी शेणखतात कुजका माल खाऊन वाढते, माडाला हात लावत नाही, म्हणून ती अनाम राहिली. खतात सापडली की तिलाही सरसकट हुमणी म्हणून ठेचतात. गेंडा भुंगा आणि हुमणी दोघंही ढालपंखीच, पण एकाचं तारुण्य नडलं आणि दुसरीचं बालपण, तशी नावं पडली. दोन्ही वयांना स्वतंत्र नाव मिळण्याचं भाग्य सुरवंट आणि फुलपाखराला लाभलं. एकाची खाज आणि दुसऱ्याचे रंग, दोन्ही माणसाच्या अंगावर आले.

नाव अर्धवट असलं की लक्षही अर्धवट जातं, आणि त्याची किंमत दोन्हीकडे मोजावी लागते. हुमणी म्हटलं की डोळे मुळांकडे वळतात. पण ऑगस्ट-सप्टेंबरात ऊस पिवळा पडलेला दिसतो तेव्हा अळी मोठी झालेली असते, खोल असते आणि औषधाला दाद देत नाही. तिला आवरण्याची सोपी वेळ त्याआधीची असते, मे-जूनमधल्या संध्याकाळची. कडुनिंबाच्या, बाभळीच्या फांद्या हलवून भुंगेरे पाडायचे, वेचायचे आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकायचे. सोबत प्रकाश सापळे लावायचे. अंडी घालण्याआधी एक मादी गेली की पुढच्या ६० अळ्या टळल्या. हे काम एकट्याच्या रानात करून भागत नाही, गावानं मिळून करावं लागतं. कृषी विद्यापीठं आणि साखर कारखाने वर्षानुवर्षं हेच सांगत आले आहेत. तरी गर्दी होते ती पीक वाळल्यावर औषधाच्या दुकानात, कारण लोकांच्या मनात हुमणी म्हणजे अळी. झाडावर बसलेला तपकिरी भुंगेरा तीच हुमणी आहे, हे तिच्या नावातून कळत नाही.

काजव्याचं उलट झालं. मोसमात त्याच्या झाडांभोवती दोर बांधले जातात, गाड्यांचे दिवे बंद करायला सांगितलं जातं, कॅमेऱ्याच्या फ्लॅशला मनाई होते. ते रास्तच आहे. नर-मादीचा संवाद उजेडात चालतो आणि परका उजेड पडला की तो तुटतो. एकाच दिवसांत, काही कोसांच्या अंतरावर, दिवा हा हुमणीच्या भुंगेऱ्यासाठी सापळा असतो आणि काजव्यासाठी व्यत्यय. पण काजव्याची ही काळजी दोन-तीन आठवड्यांपुरती आहे. उरलेले महिने तो पालापाचोळ्यात असतो, आणि तो पाला वणव्यात जळतो, रस्ता रुंदावताना खरवडला जातो, नाहीतर जमीन सपाट करताना मुरुमाखाली जातो. जमिनीत टाकलेलं कीटकनाशकही अळी कुणाची, हे विचारत नाही. आपण जपतो तो काजवा. काजव्याची अळी जपायची असते हे कुणाला सुचत नाही, कारण जिला नाव नाही तिच्यासाठी फलकही लागत नाही.

नवीन शब्द घडवावा, असा यातून आग्रह नाही. घडवलेले शब्द पत्रकात छापले जातात आणि तिथंच राहतात. पण असलेल्या शब्दांचा अर्थ दोन्ही बाजूंनी पसरवता येतो. कडुनिंबावर भुंगेरे दिसले की ‘हुमणी आली’ असं म्हणायची सवय लागली, तर त्या शब्दाचा अर्थ वर्षभराचा होईल आणि फांद्या हलवणारे हात वेळेवर निघतील. ओल्या पाचोळ्यात गोगलगायीच्या मागावर असलेली ती खंडाखंडाची अळी पाहून पोराला ‘हा काजवा’ असं सांगितलं, तर काजव्याच्या आयुष्यातले उरलेले महिनेही मराठीत येतील.